विश्व किती वेगाने फुगतंय? गुरुत्वीय लहरींनी केलेल्या मोजणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राची प्रयोगशाळा होणार हे ठरल्यापासून खगोलावर कुठेही बोलायला गेलं की शेवटी गाडी गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालींनी अवकाशातच उठणाऱ्या तरंगांवर, येतेच. 'दोन कृष्णविवरं धडकली, बरं, पण त्याचा उपयोग काय?' हा ठरलेला प्रश्न. माझ्या मते सर्वांत सुंदर उपयोग विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजण्याचा आहे, म्हणून त्याबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

'७० किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक' हे कसलं एकक?

घरातलं शिवणकामाचं इलॅस्टिक घ्या. दर सेंटिमीटरला बॉलपेनने खूण करा, एक टोक खिळ्याला अडकवा आणि ते दुप्पट ताणा. पहिली खूण एक सेंटिमीटर सरकते, पाचवी पाच आणि दहावी दहा, आणि हे सगळं तेवढ्याच वेळात होतं. म्हणजे खूण जितकी लांब, तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त.

दीर्घिकांचंही, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहांचंही, तसंच आहे. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं. तेवढ्या अंतरावरची दीर्घिका सेकंदाला ७० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर दुप्पट अंतरावरची १४० किलोमीटरने जाते. या ७० च्या जागी नेमका कोणता आकडा लिहायचा, एवढाच सगळा प्रश्न आहे. त्या आकड्याला हबल स्थिरांक म्हणतात. नाव थोडं फसवं आहे, कारण काळाच्या ओघात तो बदलतो. आपण मोजतो ती त्याची आजची किंमत.

एडविन हबलने १९२९ मध्ये हा आकडा ५०० च्या आसपास काढला होता, आजच्यापेक्षा जवळजवळ सातपट. वेग त्याच्याकडे बरे होते, चुकली होती ती अंतरं. हे लक्षात ठेवा, कारण गेली शंभर वर्षं या विषयाचं दुखणं तेच आहे. वेग प्रकाशाच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला त्यावरून, पटकन मिळतो, अंतर मात्र घाम काढतं.

विश्व ताणलं जातंय तर आपण का ताणले जात नाही?

कारण आपल्याला रासायनिक बंधांनी, पृथ्वीला आणि आकाशगंगेला गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेलं आहे. शेजारची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येते आहे. प्रसरण दिसतं ते दीर्घिकांच्या समूहांपलीकडच्या अंतरांवर.

यासाठी गुरुत्वीय लहरीच कशाला? दुर्बिणींनी हा आकडा काढलेला नाही का?

काढलाय, आणि फार नेमका. पंचाईत ही की तो दोनदा काढलाय आणि दोन्ही उत्तरं जुळत नाहीत.

पहिली पद्धत शिडीची. जवळच्या ताऱ्यांचं अंतर पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीमुळे त्यांची जागा किती सरकलेली दिसते त्यावरून काढायचं. त्या आधाराने सेफीड प्रकारच्या चल ताऱ्यांचं अंतर. हे तारे जितके तेजस्वी, तितका त्यांचा चमकण्याचा काळ लांब. हे हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलं. सेफीडच्या आधाराने पुढे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे. पायरीवर पायरी. अॅडम रीस यांच्या गटाने या शिडीवरून २०२२ मध्ये दिलेलं उत्तर ७३.०४, चूक १.०४ इकडे-तिकडे.

दुसरी पद्धत उलट्या टोकाकडून येते. विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. प्लँक उपग्रहाने तो बारकाईने मोजला. तिथून प्रचलित सिद्धान्ताच्या आधारे आजपर्यंतचा हिशेब केला की उत्तर येतं ६७.४, चूक फक्त ०.५.

७३ आणि ६७. बाजारात एवढ्या फरकावर कोणी भांडणार नाही. पण दोन्हींच्या चुकीच्या मर्यादा इतक्या आखूड आहेत की योगायोग म्हणून हा फरक सोडून देता येत नाही. एक तर शिडीची एखादी पायरी डळमळीत आहे, नाहीतर विश्वाबद्दलच्या आपल्या सिद्धान्तात काहीतरी राहून गेलंय. अशा भांडणात तिसरा माणूस हवा, जो ना शिडी चढून आला ना सूक्ष्मलहरींतून. गुरुत्वीय लहरी हा तो तिसरा माणूस.

लहरींवरून अंतर कसं कळतं?

लालबाग-परळमध्ये वाढलेल्या जुन्या माणसांना गिरणीचा भोंगा आठवत असेल. कोणत्या गिरणीचा भोंगा किती मोठ्याने वाजतो हे ठाऊक असलं, की घरात ऐकू आलेल्या आवाजावरून गिरणी किती लांब आहे याचा अंदाज बांधता येतो. अडचण एकच: भोंगा मुळात किती दमदार आहे ते आधी कळायला हवं.

दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांभोवती फिरतात तेव्हा गुरुत्वीय लहरींमधून त्यांची ऊर्जा निघून जाते, ते जवळ येतात, अधिक वेगाने फिरतात, अधिक ऊर्जा गमावतात आणि शेवटी धडकतात. लहरींची वारंवारता चढत जाते, सनईचा सूर षड्जावरून झपकन वर न्यावा तशी. हा चढ किती झपाट्याने होतो ते ताऱ्यांच्या वस्तुमानांच्या एका ठरावीक मिश्रणावर अवलंबून असतं. जड जोडी लवकर चढते, हलकी रेंगाळते. आणि त्याच मिश्रणावर लहरी मुळात किती जोरदार निघाल्या हेही अवलंबून असतं.

गंमत इथे आहे. सुराच्या चढावरून मूळ जोर कळतो आणि पृथ्वीवर पोचलेल्या लहरीच्या उंचीवरून उरलेला जोर. दोन्हींची तुलना केली की अंतर हातात. लहरीची उंची अंतराच्या प्रमाणात घटते: दुप्पट लांब, तर निम्मी. मध्ये सेफीड नाहीत, सुपरनोव्हा नाहीत, कोणती पायरीच नाही. भोंगा आपली ताकद स्वतःच ओरडून सांगतो आणि त्याची हमी आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतावादाची समीकरणं देतात.

बर्नार्ड शुट्झ यांनी ही कल्पना १९८६ मध्ये मांडली. पहिली लहर सापडली १४ सप्टेंबर २०१५ रोजी. मधली २९ वर्षं हे फक्त कागदावर होतं. खगोलशास्त्रज्ञ या स्रोतांना खरोखरच 'प्रमाण भोंगे' याच अर्थाच्या नावाने ओळखतात, ते मी गिरणगावासाठी बनवलेलं नाही.

मग वेगही त्याच लहरीतून मिळतो का?

नाही, आणि इथेच घोडं अडतं. विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशासारखीच गुरुत्वीय लहरही ताणली जाते. पण ताणलेली लहर थोड्या जड जोडीतून आलेल्या न ताणलेल्या लहरीसारखीच दिसते. दोन्हींत फरक करायला लहरीत काही खूण नसते. प्रकाशात ती असते, कारण हायड्रोजनच्या किंवा कॅल्शियमच्या रेषा प्रयोगशाळेत कुठे पडतात हे आपल्याला माहीत असतं.

म्हणून धडक ज्या दीर्घिकेत झाली ती दुर्बिणीने शोधायची, तिच्या प्रकाशावरून वेग काढायचा आणि लहरींवरून काढलेल्या अंतराने त्याला भागायचं.

हे प्रत्यक्षात कधी झालं?

एकदाच. गुरुवार, १७ ऑगस्ट २०१७, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी.

ही लहर सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. सह्याद्रीचा काळा पाषाण तेव्हा लाव्हा म्हणूनही बाहेर पडलेला नव्हता. तो आला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आणि एवढ्या प्रवासानंतर लहरीने गाठलेली वेळ पाहा. इटलीतला व्हर्गो हा शोधक, म्हणजे लहरी टिपणारं यंत्र, १ ऑगस्टला अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगो शोधकांना येऊन मिळाला होता आणि निरीक्षणांची ती फेरी २५ ऑगस्टला संपणार होती. तिन्ही शोधक एकत्र चालू असलेल्या साडेतीन आठवड्यांच्या फटीत ती येऊन पोचली.

संकेत सुमारे १०० सेकंद ऐकू येत होता. धडकेनंतर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा छोटा झटका दिसला. पण संगणकाने स्वतःहून पकडला तो फक्त हॅनफर्डच्या शोधकातला संकेत. लिव्हिंग्स्टनच्या शोधकात धडकेच्या १.१ सेकंद आधी यंत्रातलाच एक जोरदार खट्ट आवाज आला होता, त्यामुळे संगणकाने तिथली नोंद बाद केली. मग माणसांनी आलेख उघडून पाहिला. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर वारंवारता, मध्ये खट्ट आवाजाचा भडक उभा पट्टा आणि त्याच्या आरपार डावीकडून उजवीकडे स्वच्छ चढत गेलेली बारीक कमान. इतकी स्पष्ट की ती चुकवणं अवघड. तो पट्टा हिशेबाने पुसून संकेत वेगळा काढला गेला.

व्हर्गोला जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही, आणि तेच कामाला आलं. व्हर्गो चालू होता, त्याला ऐकू यायला हवं होतं, तरी आलं नाही; अर्थात स्रोत त्याच्या बहिऱ्या दिशेला होता. त्यावरून आकाशातली जागा सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत आवळता आली. पौर्णिमेचे एकशेचाळीसेक चंद्र मावतील एवढी ही जागा.

मग चिलीत सूर्य मावळायची वाट. लास कॅम्पानास वेधशाळेत एक मीटर व्यासाची स्वोप दुर्बीण आहे, आजच्या मानाने लहानच. तिच्यावरच्या गटाने त्या भागातल्या योग्य अंतरावरच्या दीर्घिकांची यादी केली आणि एकेकीचं छायाचित्र घ्यायला सुरुवात केली. नवव्या छायाचित्रात वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेशेजारी एक नवा ठिपका होता, जुन्या छायाचित्रात नसलेला. धडकेला अकरा तासही झाले नव्हते. आकाशाचा तो भाग सूर्याच्या जवळ असल्याने रात्रीच्या सुरुवातीला थोडाच वेळ दिसत होता आणि काही आठवड्यांत सूर्याआड जाणार होता. ठिपका पहिल्यांदा निळसर होता, काही दिवसांत तांबूस होत विझला.

आकडा किती आला?

लहरींवरून अंतर आलं ४३.८ मेगापार्सेक. वेग मात्र सरळ वापरता येत नाही. वारीत सगळे पंढरपूरकडे चाललेले असले तरी एखादा चहाला बाजूला वळतोच. दीर्घिकाही प्रसरणाखेरीज शेजारणींच्या ओढीने इकडेतिकडे सरकत असतात. एनजीसी ४९९३ च्या समूहाचा वेग सेकंदाला ३,३२७ किलोमीटर, त्यातले सुमारे ३१० त्या बाजूला वळण्याचे. ते वजा केले की प्रसरणाचे उरतात ३,०१७.

भागाकार करून पाहा, ६९ च्या आसपास येतो. सगळ्या शक्यता तोलून केलेल्या पूर्ण गणितात सर्वांत संभाव्य उत्तर आलं ७०.

६७ आणि ७३ च्या बरोबर मध्ये! म्हणजे वाद मिटला?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमी आनंद असतो, त्यामुळे उत्तर देताना जिवावर येतं. आकडा ७० आला खरा, पण चूक वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला ८. म्हणजे ६२ ते ८२. त्यात ६७ ही बसतं आणि ७३ ही. तिसरा साक्षीदार आला, प्रामाणिक आहे, पण त्याने पाहिलं ते धुक्यातून.

तरीही मला हे मोजमाप फार मोठं वाटतं. एका धडकेवरून, एकाही पायरीचा आधार न घेता, योग्य आकड्याच्या इतक्या जवळ जाता येतं हे त्या दिवसापर्यंत कोणी करून दाखवलं नव्हतं.

चूक एवढी मोठी कशामुळे?

मुख्यतः तिरकेपणामुळे. दिवाळीतलं भुईचक्र गॅलरीतून पाहिलं तर पूर्ण वर्तुळ दिसतं, अंगणात आडवं पडून पाहिलं तर नुसती रेघ. फिरणाऱ्या जोडीचंही तसंच. आपण तिच्या अक्षाच्या दिशेला असलो तर लहर जोरदार पोचते, कडेला असलो तर क्षीण. त्यामुळे क्षीण लहर आली की दोन अर्थ निघतात: जोडी लांब आहे, किंवा जवळच आहे पण आपल्याला तिरकी दिसते.

त्यात भर अशी की अक्षापासून ३० अंश बाजूला गेलं तरी लहर फक्त १३ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि तिचं रूपही फारसं बदलत नाही. म्हणून ० अंश की ३० हे लहरीवरून ओळखणं अवघड, आणि ते ओळखता आलं नाही की अंतरात तेवढीच ढील राहते.

यावर एक तोड निघाली. धडकेतून पदार्थाचा एक बारीक झोत निघाला होता. जगभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून त्याची सरकती जागा टिपली गेली, त्यावरून आपण त्याला साधारण २० अंशांतून पाहतोय असं निघालं. तो कोन घातल्यावर २०१९ मध्ये उत्तर आलं ७०.३, चूक पाचेक. धुकं निम्म्याने विरळ झालं. पण झोत कसा वागतो याचं एक प्रारूप त्यासाठी मध्ये आणावं लागलं, आणि आपली फुशारकी तर 'मध्ये काही नाही' हीच होती. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही या धडकेनंतरची रेडिओ निरीक्षणं केली होती, हे ओघात सांगून ठेवतो.

कृष्णविवरांच्या धडका तर ढिगाने सापडल्यात. त्या का वापरत नाहीत?

वापरतात. पण कृष्णविवरांची धडक सहसा अंधारात होते, ठिपका दिसत नाही, दीर्घिका कळत नाही. वाडीतून कोणीतरी हाक मारली, कोणत्या घरातून ते ठाऊक नाही, अशी गत. मग त्या दिशेच्या प्रत्येक दीर्घिकेला थोडीथोडी शक्यता वाटून द्यायची. एका हाकेवरून काही ठरत नाही. अनेक हाका झाल्या की चुकीची घरं आपापसांत विरून जातात आणि खरा आकडा वर येतो. ४७ घटनांवर असं काम करून, २०१७ चं मोजमापही त्यात धरून, ६८ हे उत्तर आलं, चूक वर ८ आणि खाली ६. दीर्घिकांच्या याद्या अपुऱ्या आहेत ही यातली खरी अडचण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुवोदीप मुखर्जी अशा अंधाऱ्या घटनांवर काम करणाऱ्यांपैकी आहेत.

पुन्हा २०१७ सारखं का नाही घडलं?

नशीब. एप्रिल २०१९ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांची दुसरी धडक ऐकू आली, पण ती तिप्पट-चौपट लांब होती, लिव्हिंग्स्टनमध्येच नीट ऐकू आली आणि शोधायचं आकाश इतकं अफाट होतं की ठिपका सापडला नाही. २०१८ मध्ये एका गटाने पाच वर्षांत दोन टक्के अचूकता गाठता येईल असा हिशेब मांडला होता. गणित बरोबर होतं. निसर्गाने तेवढे भोंगे वाजवले नाहीत.

त्या धडकेत सोनं तयार झालं म्हणे?

जड मूलद्रव्यं तयार झाली हे प्रकाशाच्या रंगांवरून दिसलं, स्ट्रॉन्शियमच्या खुणा तर वेगळ्या ओळखता आल्या. सोनंही बनलं असणार. भावावर परिणाम नाही.

नारळीकर सर तर महास्फोट मानत नव्हते. मग प्रसरणही मानत नव्हते का?

ही गल्लत फार होते. जयंत नारळीकरांचा विरोध महास्फोटाला होता, प्रसरणाला नव्हता. त्यांनी फ्रेड हॉइल यांच्यासोबत ज्या स्थिर स्थिती सिद्धान्तावर काम केलं त्यातही विश्व फुगतंच. आणि त्यांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतून संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये गोंगाटातून धडकेचा सूर वेचून काढायच्या पद्धतीवर काम केलं, लहर सापडण्याच्या कितीतरी आधी.

औंढा नागनाथच्या शोधकाने या आकड्यात काय फरक पडेल?

लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली, सुमारे २,६०० कोटी रुपयांची पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. शोधकाचे दोन हात प्रत्येकी ४ किलोमीटरचे. ज्योतिर्लिंगाच्या गावाशेजारी पृथ्वीवरचं हे एक सर्वांत नाजूक मोजमाप होणार.

'आणखी एक कान, म्हणजे आणखी लांबचं ऐकू येईल' एवढंच लोक धरून चालतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. अमेरिकेतल्या दोन्ही शोधकांचे हात मुद्दाम जवळजवळ एकाच रोखाने ठेवलेत, म्हणजे दोघांनी एकच लहर ऐकल्याची खातरजमा होते. पण एकाच खिडकीत उभे असलेले दोन साक्षीदार प्रसंग एकाच बाजूने सांगतात. लहरीत दोन प्रकारची थरथर असते आणि त्यांच्या प्रमाणावरून भुईचक्राचा तिरकेपणा कळू शकतो. ते प्रमाण मिळवायला वेगळ्या रोखाने उभा असलेला साक्षीदार हवा. पृथ्वीच्या गोलाईमुळे मराठवाड्यातल्या शोधकाचा रोख वेगळा असणारच. शिवाय इतक्या लांबच्या बिंदूमुळे आकाशातली जागा आवळली जाईल आणि दुर्बिणींना ठिपका लवकर सापडेल. तिरकेपणा आणि दीर्घिका, अडलेल्या दोन्ही गाठी.

विद्यार्थ्यांना हे घरी करून पाहता येईल का?

येईल. ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर या संकेतस्थळावर १७ ऑगस्ट २०१७ च्या नोंदी मोफत ठेवल्या आहेत. पायथन या संगणकभाषेचं थोडं ज्ञान आणि साधा लॅपटॉप पुरतो. लिव्हिंग्स्टनची खट्ट आवाज पुसलेली नोंदही आहे आणि न पुसलेलीही. माझा सल्ला, आधी न पुसलेली उघडा.